चक्कीवरून आलेली तार

"अम्मा, आपकी मशीन भी बंद है."

चक्कीवाला हे बोलला तेव्हा मी त्याच्या दारात गव्हाच्या डब्यांमध्ये उभी होते. भिंतीवर एक छोटी पेटी होती. आमच्या घरी जाणारी तार त्या पेटीतून निघत होती आणि किती वीज जाते ते पेटीवर लाल आकड्यांत दिसत होतं. आता तिथे नुसतं शून्य होतं. आत्ताच त्याच्या आईनं थाळी वाजवली होती. थाळी वाजली म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांनी आपापलं बंद करायचं. सगळ्यांनी केलं. आमचं तेवढं चालू राहायला हवं होतं. आमचं म्हणजे ऑक्सिजनचं मशीन. त्याची नळी माझ्या नवऱ्याच्या नाकात होती, आणि थाळी वाजवली होती तीच मुळी ते मशीन नीट चालावं म्हणून.

"बंद कसं?" मी म्हटलं. "घरी जाऊबाई बसली आहे ना."

तो ऐकायला थांबला नाही. अंगावरच्या पिठासकट पळाला. मीही निघाले. माझे गुडघे गेलेले आहेत, मला पळता येत नाही. भिंतीला धरून चालत राहिले. चक्की आणि आमचं घर यांत थोडीच घरं आहेत. वाटेत मी देवाचं नाव घेतलं असं सांगितलं तर बरं दिसेल. मी घेतलं नाही. सिलिंडर रिकामा आहे, एवढंच डोक्यात होतं.

आता आधीचं सांगते.

आम्ही इंद्रपुरीत राहतो. लग्न होऊन मी यवतमाळकडून भोपाळला आले. शाळा चौथीपर्यंत. हे मोठ्या कारखान्यात वेल्डर होते, धाकट्या दिरालाही त्यांनी तिथेच लावलं. दीर लवकर गेला. जाऊबाईला मूल नाही, ती आमच्यातच राहिली. माझा मुलगा पुण्याला असतो. घरात आम्ही तिघं.

ह्यांची फुप्फुसं खराब झाली. वेल्डिंगच्या धुरानं की विडीनं, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी सांगते, विडीनं. धूर आठ तास असायचा, विडी चोवीस तास. आता दिवसरात्र मशीन लागतं. नळी काढली तर खाटेवरून उठून मोरीपर्यंत जातील, परत येणार नाहीत. मशीन विजेवर चालतं. वीज गेली तर लावायला एक लहान सिलिंडर ठेवलेला असतो.

जाऊबाईचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात तर लावायचाच नाही. सासूनं हे कडक पाळायला लावलं. सासू मेली, तिच्यामागे दीर गेला, सून आली, सून मुलाबरोबर पुण्याला गेली, पण ह्या दोघांनी ते सोडलं नाही. एका छपराखाली म्हातारे झाले, एकमेकांशी बोलले नाहीत. ह्यांना पाणी हवं असलं की हे भिंतीकडे बघून म्हणायचे, "पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं." ती तांब्या ठेवून जायची.

"तुमच्या भिंतीला ऐकू येतं वाटतं," मी म्हणायची.

"तू गप बस," हे म्हणायचे. माझ्याशी थेट बोलायचे.

आणि थाळीचं. पूर्वी चक्की आणि आमची गल्ली एकाच ट्रान्सफॉर्मरवर होती. चक्कीची मोटर उठताना एवढी वीज ओढायची की आमचे दिवे विझल्यासारखे व्हायचे. उलट आम्ही बायका सकाळी पाण्याच्या मोटरी लावून बसलो की त्याची चक्की उठायचीच नाही, नुसती घुरघुर करायची. त्यावरून भांडणं झाली. त्यानं आम्हाला काय काय म्हटलं, आम्ही त्याला म्हटलं. शेवटी त्याच्या आईनं तोड काढली. चक्की सुरू करायच्या आधी ती दारात येऊन लाटण्यानं थाळी बडवायची. ऐकलं की आम्ही मोटर, इस्त्री, कूलर, जे असेल ते बंद करायचं. चक्की फिरायला लागली की परत लावायचं. त्याच्या बदल्यात उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघर कूलर लागले की तो चक्की बंद ठेवायचा. वीज कमी होती, त्यात त्याचंही भागवायचं होतं आणि आमचंही. लोक याला शेजारधर्म म्हणतात. धर्म वगैरे काही नव्हतं. दुसरा इलाज नव्हता.

पुढे त्याला मोठ्या रस्त्याकडच्या ट्रान्सफॉर्मरवरून वेगळी लाईन मिळाली. थाळीची गरज राहिली नाही. म्हातारीनं ती घासून फळीवर ठेवून दिली. पण आमच्या कानांतून ती गेली नव्हती.

त्या दिवशी, मे महिन्यात, सकाळी मी पोळ्या करत होते. कोपऱ्यावर धाडकन आवाज झाला. आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर फुटला होता. धूर निघत होता, खाली तेल सांडलं होतं, आणि घरात मशीन ओरडायला लागलं. वीज गेली की ते ओरडतं, आणि वीज कमी-जास्त झाली तरी ओरडतं. मी तवा उतरवला आणि सिलिंडर लावला.

विजेच्या ऑफिसात फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "नया लगेगा अम्मा. कल शाम तक मानके चलो."

सिलिंडर भरून देणाऱ्याला केला. त्याची गाडी बैरागढला होती, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. पुण्याला केला.

"आई, ताबडतोब हॉस्पिटलात ने."

ह्यांनी ऐकलं आणि मान हलवली. मागच्या खेपेला हॉस्पिटलात हे नळी उपटत होते म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले होते. तेव्हाच ह्यांनी सांगून ठेवलं होतं, पुन्हा तिथे नेऊ नकोस.

"हे नाही म्हणतात," मी मुलाला सांगितलं. "तू ये आणि उचलून ने."

 पुण्याहून काय करणार बिचारा.

सिलिंडरचा काटा खाली येताना दिसत होता. मी जाऊबाईला बसवलं आणि चक्कीवर गेले. चक्की धडधडत होती, मोठ्या रस्त्याकडची लाईन चालू होती. मे म्हणजे वर्षाचं तिखट आणि हळद करून घ्यायचा महिना. बायका पोती, डबे घेऊन रांगेत बसल्या होत्या, सगळ्या शिंकत होत्या. मी चक्कीवाल्याला सांगितलं, मला एक तार दे.

त्यानं मोटर थांबवली नाही, मोठ्यानं ओरडून बोलला. "अम्मा, ये चक्की की लाइन है. घर को देना मना है. पकड़ा गया तो मेरी लाइन कट जाएगी."

ते खरंच आहे. चक्कीची वीज वेगळ्या भावाची, ती घराला द्यायला परवानगी नाही.  मी तिथेच उभी राहिले.

त्याची आई आत मिरच्यांची देठं काढत होती. तिथूनच म्हणाली, "कटेगी तो फिर जुड़ जाएगी. बाबूजी को कौन जोड़ेगा, तू?"

"अम्मी, तुम बीच में मत बोलो."

"तो तू बीच से हट. तार कहाँ रखी है?"

त्यानं तार काढली. पेटी बसवली, चार घरांच्या भिंतींवरून तार ओढत आमच्या खिडकीतून आत आणली, दाराशेजारच्या बोर्डाला जोडली आणि मशीन सुरू झालं. तोवर सिलिंडर संपत आला होता. थोडं उरलं होतं तेही पुढे तार बंद पडली तेव्हा गेलं. मी पोळ्या करायला परत बसले. पीठ मळून ठेवलं होतं, उन्हाळ्यात ते आंबतं.

पण भिंतीवरून जाणारी तार लपत नाही. शेजारणीची मुलगी बाळंतपणाला आलेली, बाळ अगदी नवं, घामोळ्यांनी लाल झालेलं. तिनं चक्कीवाल्याला पंख्यापुरती वीज मागितली. बाळाला नाही कोण म्हणेल? पलीकडे एकाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. त्यानंही वीज मागितली. मग बाकीचे. तो म्हणाला, एका घराला एक पंखा, बस. वाटेवरच्या घरांनी त्याच तारेतून घेतली, पुढच्यांनी त्यांच्याकडून. आणि मग कोणीतरी कूलर लावला. कोणी लावला ते आजपर्यंत कळलं नाही. विचारलं की सगळे शेजारच्याकडे बघतात.

भार जास्त झाला, चक्कीवरचा खटका पडला, तार मेली, आमचं मशीन ओरडलं. त्यानं खटका उचलला, सुरू झालं. परत पडला. प्रत्येक वेळी ह्यांची मान थोडी पुढे झुकायची. हे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते, दम लागला की असेच बसतात. दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर मी जाऊबाईला म्हटलं, "बस इथे. मी त्याला सांगून येते." ती पदर घेऊन दारात बसली. तिची जागा तीच. तोंड गल्लीकडे, पाठ ह्यांच्याकडे.

चक्कीवर जाऊन मी सांगितलं, "आधी त्यांचे कूलर काढ."

"किस-किस के घर जाऊँ अम्मा?" तो घामानं आणि पिठानं लडबडला होता. "एक को बोलूँगा, दूसरा चालू कर देगा."

मग त्यालाच सुचलं. आईला म्हणाला, "अम्मी, थाली." सगळ्यांनी सगळं बंद केलं की फक्त मशीन चालेल, मग घरोघर जाऊन एकेक पंखा लावून देऊ, असा त्याचा हिशेब. म्हातारीनं फळीवरून थाळी काढली, दारात आली आणि बडवली. हात अजून तसाच होता तिचा. गल्लीतले पंखे एकापाठोपाठ थांबले. कोणी विचारायलासुद्धा बाहेर आलं नाही. मला बरं वाटलं.

आणि मग त्यानं पेटीकडे बघितलं.

मी घरी पोचले तेव्हा तो आत होता. बटण त्यानं चालू केलं होतं, मशीन घरघरायला लागलं होतं. हे खाटेवर एका कुशीला कलंडले होते, मान खाली लोंबत होती. ओठ जांभळे. नळी निसटून गळ्याशी आली होती, ती तो नाकाला लावत होता आणि ओरडत होता, "भाभी, पकड़ो! सीधा बिठाओ इनको!"

जाऊबाई खाटेशेजारी उभी होती. पदर डोक्यावर, दोन्ही हात पुढे केलेले, आणि ते हात ह्यांच्यापासून वीतभर लांब थांबलेले.

"ताई, मी कशी..." ती मला म्हणाली.

"धर त्यांना!" मी दारातून ओरडले. "सासूबाईंचं मी बघून घेईन!"

तिनं धरलं. मागून काखांत हात घालून उचललं, खाटेवर त्यांच्या मागे बसली आणि स्वतःच्या छातीला टेकवून बसतं केलं. पदर खाली पडला. तिचे केस एवढे पांढरे झालेत ते मीही नीट बघितलं नव्हतं. ती ह्यांच्या कानाशी म्हणत होती, "दादा, श्वास घ्या. घ्या ना दादा. थोडा."

मशीन सुरू केल्या केल्या पूर्ण हवा देत नाही, त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ करण्यासारखं काही नसतं. मी ह्यांचे तळवे चोळले. चक्कीवाला नळी धरून उकिडवा बसला होता, त्याच्या हाताचं पीठ ह्यांच्या मिशीला लागलं होतं. मला वाटलं, गेले. मग ह्यांनी एक खोकला काढला. वाईट खोकला, पण खोकला. ओठांचा रंग हळूहळू बदलला. हे डोळे उघडून कोणाकडे बघत नव्हते, नुसते श्वास घेत होते. मी म्हटलं, "घेत राहा. दुसरं काम नाही आज तुम्हाला."

बटण जाऊबाईनं बंद केलं होतं. तिनंच सांगितलं. "थाळी वाजली, हात आपोआप गेला, ताई. मशीन ओरडत होतं, पण ते सकाळपासून ओरडतंच आहे." दाराशी बसलेली, बटण हाताशी. बंद करून ती परत गल्लीकडे तोंड करून बसली. मागे वळून बघायचं तिला सुचलं नाही. सुचणार कसं? तिनं ह्यांच्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं.

मी तिला बोलले नाही. बोलून काय झालं असतं? त्या गल्लीत तीस घरांतल्या तीस हातांनी तेच केलं.

ह्यांना मी मात्र नंतर विचारलं. दम पुरायला लागल्यावर. "तिनं बटण बंद केलं ते तुम्हाला दिसलं ना? ओरडायचं. नुसतं 'बटण' म्हणायचं."

ह्यांनी मिशीला लागलेलं पीठ पुसलं. मग म्हणाले, "म्हटलं मी."

"काय म्हटलं?"

"बटण चालू केलं असतं तर बरं झालं असतं, म्हटलं."

"भिंतीला?"

"भिंतीला."

एवढ्या लांब वाक्याला तेव्हा दम कुठला असणार. अर्ध्यातच संपला असेल.

चक्कीवाला उठून गेला तो थेट चक्की बंद करायला. पिठाची, मसाल्याची, दोन्ही. उद्या ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत त्याच्या वाट्याची सगळी वीज गल्लीला. मी मागोमाग गेले नव्हते, पण त्याची आई सांगत होती. रांगेतल्या बायका चिडल्या.

"भैया, हमारी मिर्ची का क्या?"

"मिर्ची कल भी तीखी रहेगी, बहनजी."

"मेरे यहाँ लड़की की शादी है!"

"तो न्योता देना. पीस के लाऊँगा."

काही बायका थांबल्या, काही डबे उचलून दुसरीकडे गेल्या. त्या हंगामात त्यातल्या बऱ्याच परत आल्या नाहीत. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. म्हातारीनं थाळी काखेत घेतली आणि घरोघर जाऊन एकेक पंखा स्वतःच्या डोळ्यांसमोर लावून दिला. एकानं विचारलं, मोबाइल लावू का. ती म्हणाली, "लगा ले. टीवी लगाया तो थाली सिर पे बजेगी." आमचं मशीन सगळ्यांत आधी, बाळाचा पंखा आणि इन्सुलिनचा फ्रिज त्यानंतर, बाकीचे मागून. खटका मग पडला नाही. संध्याकाळी सिलिंडरही भरून आला.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर आला. लाईनमन खांबावर चढला तर त्याला भिंतींवरून गेलेली तार दिसली.

"ये किसकी लाइन है?"

सगळी गल्ली बहिरी झाली. चक्कीवाला खाली बघत होता. जाऊबाई दारात होती, पदर परत डोक्यावर. ती म्हणाली, "कपड़े सुखाने की रस्सी है."

लाईनमननं तारेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तो अम्मा, गीले कपड़े मत डालना. और मैं नीचे उतरूँ तब तक रस्सी उतार लो."

उतरवली.

अवधपुरीत माझी एक ओळखीची आहे, तिच्या छतावर सूर्याच्या पाट्या बसवल्या आहेत. ती म्हणते, बाहेरची वीज गेली की बॅटरीशिवाय त्या पाट्याही बंद होतात. आपल्याच डोक्यावर ऊन आणि आपल्याच घरात अंधार. असं का, ते तिच्या मुलानं मला समजावून सांगितलं. पाट्यांची वीज उलटी तारेत जाऊन लाईनमनला शॉक बसू नये म्हणून. ठीक आहे. चक्कीवाला आता पत्र्यावर पाट्या आणि बॅटरी दोन्ही बसवायचं म्हणतो. ह्या वेळी कागद करून, परवानगी घेऊन, गल्लीतल्या दोन-तीन घरांना अडीअडचणीला देता येईल असं काही करायचं म्हणतो. होईल तेव्हा होईल. मी पीठ त्याच्याकडूनच आणते. जाडं दळतो. ते मी त्याला तोंडावर सांगते.

जाऊबाई अजून पदर घेते. पण बसते आता आतल्या बाजूला, खाटेकडे तोंड करून. हे तिच्याशी थेट बोलतात. पहिल्यांदा बोलले ते, "चहात साखर कमी आहे." तिनं चहा नेला, साखर घालून आणला आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "ताई, भिंतीशी बोलायचे तेच बरं होतं."

त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीत कोणी गेलं नाही. इन्सुलिनवाले आहेत. शेजारणीचा नातू आता चालतो. आणि हे वाचले.